अंगावरचं

अवंतिकाला पाहताच त्या बाईने हातातली दुधाची बाटली पदराखाली लपवली.

ते इतक्या चटकन झालं की अवंतिकाला आधी वाटलं, पावसाचा शिंतोडा उडू नये म्हणून तिने बाळाचं तोंड झाकलं असेल. मध्यवर्ती बसस्थानकावर सकाळपासून भुरभुर चालली होती. छत्र्यांचं पाणी गळून फलाट चिखलाने बरबटले होते. पन्हाळ्याची गाडी लागायला अवकाश होता, म्हणून ती टेकायला जागा शोधत बाकांवरून नजर फिरवत होती. त्या नजरेच्या वाटेत ती बाई आली. तिने वर पाहिलं, तिचा चेहरा एकदम उतरला आणि हात पदराखाली गेला. अवंतिकाने वळून मागे पाहिलं. मागे कोणीतरी असेल, सासू, सासरा, कोणी वडीलधारं, ज्याला ही भ्यायली असेल. मागे बंद पडलेला उसाच्या रसाचा गाडा होता आणि त्याच्याखाली एक कुत्रं झोपलेलं होतं. म्हणजे ती आपल्यालाच भ्यायली. आपल्याला बघून एका आईने आपल्या लेकराच्या तोंडातलं दूध काढून घेतलं. हे वाक्य तिच्या मनात असं अख्खं तयार झालं, आणि लगेच ते बाळ रडायला लागलं. भुकेल्या बाळाचं रडणं तिला दहा बाळांच्या रडण्यातून ओळखू यायचं. तो तिचा धंदाच होता. शिवाय तोंडाला लागलेलं सुटल्यावरचं रडणं तर वेगळंच असतं. त्यात भूक कमी आणि फसवणूक जास्त असते.

निघून जावं असं तिला वाटलं. चार फलाट पलीकडे जाऊन उभं राहिलं असतं तर बाटली पदराबाहेर आली असती आणि बाळ गप्प झालं असतं. पण तेवढ्यात तिने त्या बाईला ओळखलं होतं, आणि ओळखल्यावर पाय उचलेना. विद्याश्री. कुरुंदवाडची. मार्चमधली बाळंतीण, जनरल वॉर्डातली खिडकीजवळची खाट. गोरटेली, अंगाने बारीक, कपाळावर विभूतीची फिकट रेघ. तिला माहेरी आई नव्हती म्हणून सासूनेच बाळंतपण अंगावर घेतलेलं. पहिलटकरीण म्हणून तिला एवढ्या लांब कोल्हापूरला आणलं होतं, कारण या दवाखान्याचं नाव झालं होतं. ते नाव व्हायला तिथे बाळंतिणींना पाजायला शिकवणारी अवंतिकाही थोडीफार कारण होती. दवाखान्याच्या दारातच ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, इथे बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही दिलं जात नाही. डॉक्टर मॅडम पाहुण्यांना अवंतिकाची ओळख करून देताना म्हणायच्या, "ह्या आमच्या बाईंनी एकदा खाटेजवळ बसून सांगितलं ना, की दगडाला पाझर फुटतो." अवंतिका त्यावर हसायची. तिला ते आवडायचं. होम सायन्सची पदवी घेऊन कित्येक वर्षं घरी पोळ्या लाटल्यावर तिला कोणीतरी 'आमच्या बाई' म्हणत होतं.

आणि विद्याश्रीला ती काय म्हणाली होती, ते तिला आठवलं. आठवलं म्हणजे ते कधी विसरलेलंच नव्हतं. फक्त त्या जागेवर तिने दुसरं काहीतरी ठेवून दिलं होतं. सकाळच्या फेरीत खाटेशेजारच्या कपाटातून तिला डब्याचं दूध सापडलं होतं. विद्याश्रीच्या नवऱ्याने, श्रीशैलने, आदल्या दिवशी संध्याकाळी बाजारातून आणून ठेवलेलं. अजून सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. अवंतिकाने तो डबा उचलला होता आणि सगळ्या वॉर्डाला दिसेल असा वर धरला होता. "हे कुणासाठी? गाईच्या वासरासाठी की तुझ्या लेकीसाठी?" बायका हसल्या होत्या. बाळंतिणी, त्यांच्या आया, सासवा, झाडणारी बाईसुद्धा. विद्याश्री म्हणाली होती, "बाई, येतच न्हाई हो. पोरगी ओढून ओढून दमत्या." त्यावर अवंतिकाने जे वाक्य म्हटलं ते तिचं नेहमीचं होतं, शंभरदा म्हणून गुळगुळीत झालेलं. "आई झालीस ना? मग येणारच. वरचा एक थेंब जरी गेला तरी अंगावरचं आटतं, हे लक्षात ठेव. कंटाळा करायचा नाही." मग तिने पडदा ओढला होता आणि तपासायला हात लावला होता.

इथवर आठवून ती नेहमी थांबायची. आज बाळाच्या रडण्याने थांबू दिलं नाही. तिच्या बोटांना तेव्हाच कळलं होतं. ते स्तन भरलेच नव्हते, गरोदरपणातही भरले नसावेत. मऊ, रिकामे, एकमेकांपासून लांब, आत गाठींचा मागमूस नाही. असं शेकड्यात एखादीचं असतं. पुस्तकात त्याला एक परिच्छेद होता. पण तिला पुस्तकाची गरज पडली नव्हती. रोज अंघोळ करताना तिच्या हाताला जे शरीर लागायचं तेच ते होतं. पडद्याच्या आत दोघीच असताना, हात तसाच ठेवून, ती क्षणभर गप्प झाली होती. विद्याश्री तिच्या तोंडाकडे बघत होती. बोलायची वेळ तीच होती. आणि तिने ब्लाउजची बटणं लावून देत म्हटलं होतं, "सगळं व्यवस्थित आहे. पाजत राहा."

आपल्या मुलाच्या, मोहितच्या वेळी ती स्वतः अशीच खिडकीकडे तोंड करून पडलेली असायची. दहा वर्षं झाली होती त्याला. मंगळवार पेठेतलं घर, आतली खोली, शेगडीवर ओव्याचा धूर, आणि मोहित मान इकडून तिकडे फिरवत किंचाळतोय. तिचा नवरा नृसिंह शाळेत शिक्षक. तो दाराबाहेर चपला घालायचा आणि काढायचा. दूध यावं म्हणून शतावरी झाली, अळीव झाले, खिरी झाल्या, शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून पाठीवर गरम वाळूचा शेकही झाला. आलं ते इतकं, की झबल्यावर नुसता डाग पडावा. मग एका दुपारी नृसिंहची मोठी बहीण, सगळे तिला अक्का म्हणायचे, आत आली, दार लावून घेतलं आणि पदराखालून डबा काढला. अक्का बालविधवा, मूलबाळ नाही. तिने कधी कोणाला पाजलं नव्हतं, पण तिने बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं धुऊन आणलं होतं, पाणी उकळून निवत ठेवलं होतं. "पोरगं जगलं पाहिजे. बाकीचं मी बघते," ती म्हणाली. बाकीचं तिने खरोखरच बघितलं. डबा ज्वारीच्या कोठीत राहायचा. बाळ बघायला बायका आल्या की अक्का म्हणायची, "आत्ताच पाजून झोपवलंय, अंगावरचंच पितोय, बाळसं बघा की." बायका बाळसं बघायच्या. अवंतिका पदर सावरून, नुकतंच पाजून झाल्यासारखी, बसून राहायची. ते खोटं अक्काचं होतं आणि ते मायेचं होतं. पण पुढे अक्का वारली आणि खोटं अवंतिकाकडे राहिलं. दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा मॅडमांनी सहज विचारलं, "तुम्ही मुलाला किती दिवस पाजलंत?" आणि ती म्हणाली, "दीड वर्ष." तेव्हापासून ते दीड वर्ष तिच्याबरोबर वॉर्डात फिरत होतं. 'मी दीड वर्ष पाजलंय,' ती बायकांना सांगायची, 'तुला दीड महिना होत नाही?' जितकं जोरात सांगावं तितकं ते खरं होत जातं, असा तिचा अनुभव होता. आणि ज्या बायका म्हणायच्या की येत नाही, त्यांचा तिला राग यायचा. खरा राग, कानशिलं तापवणारा. जणू त्या तिच्या घरातली गोष्ट चारचौघांत बोलत होत्या.

बाळाने अंग ताठ केलं. विद्याश्री त्याला एका हाताने थोपटत होती आणि दुसरा हात पदराखाली तसाच. तिच्या पोटावरचं लुगडं ओलं होत चाललं होतं; बाटली आडवी होऊन गळत असणार. तरी ती हात काढेना. अवंतिका पुढे झाली. काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं. "विद्याश्री ना तू?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज वॉर्डातलाच निघाला. विद्याश्री उठायला गेली. बाटली सुटली, सिमेंटवर आपटून घरंगळली आणि बाकाखालच्या चिखलात जाऊन थांबली. झाकण लांब उडालं. निपल चिखलात रुतलं. दोघी त्याकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात तिची सासू आली. शांतव्वा, हातात केळ्यांची फणी आणि चौकशीच्या खिडकीवर भांडून लाल झालेलं तोंड. तिनेही अवंतिकाला ओळखलं, चिखलातली बाटली पाहिली, सुनेकडे पाहिलं आणि घाईघाईने हात जोडले. "नमस्कार करतो बाई. तुम्ही हितं कुठं? रागावू नकासा. अंगावरचंच पाजत्या की पोरगी, घरात अंगावरचंच असतंय. ही आपली परवासापुरती बाटली घेतल्या." ती खोटं बोलत होती, आणि चांगलं बोलता येत नव्हतं. सत्तरीकडे झुकलेली बाई, गावात जिच्या शब्दाला मान असेल, ती बसस्थानकावर उभी राहून अवंतिकाची माफी मागत होती, नातीला दूध पाजल्याबद्दल. अक्काही अशीच बोलायची, पण अक्काच्या आवाजात भीती नसायची.

"बसा हो," ती म्हणाली. "मी काही रागावत नाही. बाळ कसं आहे?"

"बरं हाय आता," शांतव्वा म्हणाली, आणि एकदा तो 'आता' निघाल्यावर तिला पुढचं धरून ठेवता आलं नाही. केळी मांडीवर ठेवून ती सांगायला लागली, मोठ्याने, शेजारच्या बाकावरच्या दोघांना ऐकू जाईल असं. तिच्याकडची माणसं दुःखही मोठ्यानेच सांगतात. "दवाखान्यातनं घरी नेलं न्हवं का, पयले दोन दिवस रडली. मग रडायचीच बंद झाली. आमी म्हणलं, गुणाची हाय पोर, झोपत्या. लघवी बी न्हाई. तोंड उघडून बघतोय तर कोरडं ठाक, जीभ लाकडागत. टाळू अशी आत गेल्याली. डबा घरातच हुता बाई. श्रीशैलनं टाकून दिला न्हवता. मी म्हणलं, फोड ग तो, दे दोन चमचं. तर ही म्हणत्या, नको अव्वा, बाईंनी सांगिटलंय, एक थेंब बी वरचा गेला तर माझं आटंल. रडत बसली पर डबा फोडू देईना. शेवटाला पोरगी अंगार तापली तवा मिरजेला नेलं. डोस्क्यात सुई घातली. हितं." तिने स्वतःच्या पांढऱ्या केसांतून बोट फिरवून जागा दाखवली. "जगली ते नशीब. मान अजून धरंना, म्हणून आज हितल्या मोठ्या डॉक्टरास्नी दाखवाय आणलंवतं. ते म्हणाले, हुईल हळूहळू. वाट बघा म्हणाले."

हे सांगताना तिच्या बोलण्यात कुठेही ठपका नव्हता. दुष्काळ पडला, पूर आला, तसं ती सांगत होती. अवंतिकाला वाटलं, हिने एक शिवी द्यावी. कोल्हापुरी तोंड आहे, घालावी चार शिव्या या फलाटावर, लोकं जमावीत. पण शांतव्वाच्या हिशोबात चूक अवंतिकाची नव्हतीच. दवाखान्यातल्या बाई शिकलेल्या, त्यांनी बरोबरच सांगितलं. सुनेच्या अंगात दूध नव्हतं हा सुनेचा दोष. विद्याश्रीच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिल्यावर कळत होतं की तिचाही हिशोब तोच आहे. पडद्याआड 'सगळं व्यवस्थित आहे' म्हटल्यावर दुसरा हिशोब उरतोच कुठे? सगळं व्यवस्थित असून दूध येत नाही म्हणजे बाईच खोटी.

बाळ आता घोगरं रडत होतं. विद्याश्रीने चिखलातली बाटली उचलून पदराला पुसायला सुरुवात केली. "ती नको," अवंतिका म्हणाली. "पाणी आहे?" विद्याश्रीने पिशवीतून लहान थर्मास काढला. डबाही काढला, मात्र उलटा धरून, नाव आपल्याकडे फिरवून. अवंतिकाने बाकावर आपली बॅग उघडली. पन्हाळ्याच्या भाषणासाठी घेतलेली चित्रं, बाळ कसं धरायचं ते दाखवायची कापडी बाहुली, आणि अंगावरचं दूध काढून कसं पाजायचं हे दाखवायला नेहमी बरोबर असलेली स्टीलची वाटी आणि चमचा. तिने वाटी-चमच्यावर गरम पाणी ओतलं, खळबळून टाकलं, पुन्हा ओतलं. पाणी मापाने घेतलं. डब्याचं झाकण अंगठ्याने उचकटलं, आतला माप-चमचा भरला, डब्याच्या आतल्या काठावर फिरवून सपाट केला, वाटीत टाकला, पुन्हा भरला, पुन्हा सपाट केला. ढवळताना चमचा वाटीला न वाजवता, कडेकडेने, गुठळी दाबत. आतल्या खोलीत आवाज बाहेर जाऊ नये म्हणून असं ढवळायची सवय लागली होती; दहा वर्षांनीही हात विसरला नव्हता. एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला. ठीक. तिने बाळाला मांडीवर घेतलं, मान कोपरात, चमचा खालच्या ओठावर टेकवून कलता धरला. बाळाने आधी रडण्यातच गिळलं, ठसकलं, मग त्याला कळलं. मग ते चमच्याची वाट बघायला लागलं. प्रत्येक चमचा परत जाताना त्याचे डोळे त्याच्यामागून जायचे. फलाटावर कसलीशी घोषणा झाली, कागलची गाडी निघून गेली. मांडीवरच्या त्या उबेने अवंतिकाला एकाएकी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

"दवाखान्यात शिकवत्यात हे?" विद्याश्रीने विचारलं. तिथे आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"हो," अवंतिका म्हणाली. "शिकवावं लागतं." इतकं सहज आलं ते. दीड वर्षासारखंच.

विद्याश्री अवंतिकाच्या हातांकडे बघत होती. शांतव्वा केळ्याची साल टाकायला उठून गेली, तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "न्हाई बाई. शिकून असं येत न्हाई. मला मिरजेत नर्सबाईंनी शिकवलं, तरी महिनाभर गुठळ्या व्हायच्या. तुमी डब्याकडं बघितलंसा बी न्हाई. हात बसलाय तुमचा." बाळ चमचा चाटत होतं. "तुमचं लेकरू बी ह्याच्यावरच वाढलंय न्हवं?"

अवंतिकाला खोटं बोलता आलं असतं. भाचा होता, शेजारचं मूल होतं, काहीही. तिने मान हलवली, होकारार्थी, आणि चमचा वाटीत बुडवला कारण बाळ वाट बघत होतं.

"मग मला का न्हाई सांगिटलासा?"

विद्याश्रीने हे रागाने विचारलं नाही. तिला खरंच कळत नव्हतं. परीक्षेत नापास झालेल्या मुलीला पेपर तपासणाऱ्यांनी सांगावं की प्रश्नच चुकीचा होता, आणि ते त्यांना आधीपासून माहीत होतं, तसा तिचा चेहरा झाला होता. दोघींच्या मध्ये तो पडदा होता, तो हात होता, ती गप्प बसलेली घटका होती. विद्याश्रीलाही ती घटका आठवली असावी, कारण तिचा हात नकळत छातीशी गेला आणि तिने पदर आवळून घेतला. नोकरी, मॅडम, दारावरची अक्षरं, अक्का, ज्वारीची कोठी, हे सगळं अवंतिकाला पुढे करता आलं असतं, पण ते खरं नसतं. त्या वेळी तिला कोणी धरलं नव्हतं. पडद्याआड कोणी ऐकत नव्हतं. 'माझंही असंच होतं,' एवढे तीन शब्द, आणि डबा फुटला असता, आणि हे मूल आज मान धरून फलाटावरच्या गाड्या बघत असतं. ती त्या तीन शब्दांना लाजली होती. बाकी कारण नव्हतं.

कुरुंदवाडची गाडी लागली. शांतव्वा लांबूनच ओरडली, "ये ग, जागा धरल्या." विद्याश्रीने बाळाला अवंतिकाच्या मांडीवरून उचललं. बाळाची मान मागे कलंडली आणि तिने सवयीने तळहात खाली घातला. थर्मास, डबा, चिखलाची बाटली पिशवीत कोंबली. निघताना रीतीप्रमाणे "येतो बाई" म्हणायला तिचे ओठ हलले, पण ती म्हणाली नाही. गाडीत चढून ती पलीकडच्या खिडकीला बसली. शांतव्वाने मात्र अलीकडच्या खिडकीतून हात जोडले, आणि अवंतिकानेही जोडले. तिचे हात दुधाने चिकट झाले होते.

त्यानंतरची पन्हाळ्याची गाडी तिला कशी मिळाली, घाट कधी लागला, तिच्या लक्षात राहिलं नाही. मध्येच परत फिरावं असं वाटलं, पण परत फिरून घरीच जावं लागलं असतं, आणि घरी मोहित होता. तो आता तिच्या खांद्याला लागत होता, झाडावर चढायचा, दंगा करायचा, तालमीत जायचं म्हणून हट्ट धरायचा. डब्याच्या दुधावर वाढलेला तिचा धट्टाकट्टा मुलगा रोज तिच्यासमोर जेवायला बसायचा, आणि त्याच्याकडे बघून एकदाही तिला असं वाटलं नव्हतं की हे कोणाला सांगायला हवं.

वर दाट धुकं होतं. सभागृहात ट्यूब लावलेल्या होत्या. आजूबाजूच्या वाड्यांवरून आलेल्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या, घोंगड्यांच्या आणि ओल्या केसांच्या वासात, बऱ्याच जणी लेकरं घेऊन. अंगणवाडीच्या बायडाबाईंनी नारळ दिला आणि ओळख करून दिली, ह्यांनी कोल्हापुरात हजारो बाळंतिणींना पाजायला शिकवलं. स्तनपान सप्ताह असल्याने मागे भिंतीवर आईचं चित्र लावलेलं होतं, गुबगुबीत बाळ पाजणारी, आनंदी. अवंतिका बोलायला उभी राहिली आणि भाषण आपोआप सुरू झालं. पहिला चीक टाकायचा नाही. मध, साखरेचं पाणी चाटवायचं नाही. बाळाला कसं धरायचं. तिने बाहुली छातीशी धरून दाखवली. हे सगळं खरं होतं आणि खरंच राहणार होतं. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. मग ते वाक्य जवळ आलं, प्रत्येक आईला दूध येतंच, आणि ती त्याच्या तोंडाशी येऊन थांबली. बायका वाट बघत होत्या. बाहुली अजून तिच्या छातीशीच होती. बायडाबाईंना वाटलं पाणी हवंय, त्यांनी पेला पुढे केला. ती प्यायली, आणि ते वाक्य सोडून पुढच्या मुद्द्यावर गेली. कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. टाळ्या झाल्या.

चहा आला तेव्हा ती व्यासपीठावरून खाली उतरून सतरंजीवर बसली. जवळच एक कोवळी पोर बाळ घेऊन बसली होती, पदर पुढे ओढून, भाषणभर मान खाली घालून. हिलाही दूध पुरत नसणार, अशी अवंतिकाची खात्री झाली. "पुरतं का ग बाळाला?" तिने विचारलं.

"पुरतंय की," ती पोर झटकन म्हणाली.

त्या झटकन म्हणण्याने अवंतिकाला धीर आला. तिने चहाची बशी खाली ठेवली. "माझं पुरलं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या मुलाला मी डब्याचं पाजलं. मला आलंच नाही."

आवाज हळू काढायचा तिने प्रयत्न केला होता, पण भाषणाने घसा मोठा झाला होता. आजूबाजूच्या बायकांचं बोलणं थांबलं. बायडाबाई किटली हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्या पोरीने पदर बाजूला केला. खाली एक भरलेलं, गच्च, गालांना वळ्या पडलेलं बाळ दूध पिता पिता झोपलं होतं, आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून दूध सांडत होतं. पोर फक्त लाजाळू होती. तिने अवंतिकाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात कणव होती. वांझ बाईकडे, देवीचे वण असलेल्या मुलीकडे बघतात तशी. नकळत तिने बाळ थोडं पलीकडे वळवलं. मागे कोणीतरी कोणाच्या तरी कानात बोललं. हे आज संध्याकाळपर्यंत तालुक्याच्या ऑफिसात पोचेल, उद्या कोल्हापुरात, परवा मॅडमांच्या कानावर. दीड वर्ष संपलं. अवंतिकाचा चेहरा, कान, मान सगळं पेटलं होतं. उठावं तर बायकांच्या गराड्यातून जावं लागणार होतं. डबा वर धरल्यावर त्या खिडकीजवळच्या खाटेवर असंच वाटलं असेल, फक्त तिथे अंगात टाके होते आणि उठता येत नव्हतं.

ती बसून राहिली. चहा निवला. बायका हळूहळू पुन्हा आपापल्या बोलण्याला लागल्या, थोड्या सरकून बसल्या. मग भिंतीकडेला बसलेली एक बाई, फार तरुण नव्हे, गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि घोंगडीत गुंडाळलेलं बाळ घेऊन तिच्यासमोर येऊन बसली. तिने पदर पुढे ओढला नव्हता. इकडे तिकडे बघून तिने आवाज खाली आणला.

"डब्याचं म्हणजे कसं पाजलासा, बाई? पाणी किती घालायचं? मी आपलं गाईचं पातळ करून देतो, पर ते पोरीला मानवंना झालंय. कुणाला इचारायची सोय न्हाई."

अवंतिकाने तिच्या पदरातल्या बाळाकडे पाहिलं. लहान तोंड, मोठे डोळे, पण डोळे हलत होते, बघत होते. हे ज्या बाईला सांगायचं होतं ती आता कुरुंदवाडला पोचली असेल. इथे काहीही सांगून ते तिच्यापर्यंत जाणार नव्हतं. तिने मांडी मोडून नीट घातली, हात पुढे केले आणि बाळ मागून घेतलं.

"आधी मला हिला बघू दे," ती म्हणाली. "मग सगळं सांगते."